आधी मोजा, मग बांधा: ऑफ-रोड गाडीचं छोटं इंजिन घरी उघडताना

इंजिन बांधणं म्हणजे नट-बोल्ट खोलायचे, नवे पार्ट टाकायचे आणि पुन्हा आवळायचे, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात पाना हातात असण्याचा वेळ सगळ्यात कमी. खरा वेळ जातो धुण्यात, निरखण्यात आणि मोजण्यात. जो मोजत नाही तो अंदाजाने पार्ट बदलतो, आणि अंदाजाने बदललेल्या पार्टचं इंजिन पुन्हा लवकरच टेबलावर येतं. मोजण्याची तयारी असेल तर एटीव्हीचं (चार जाड चाकांच्या ऑफ-रोड गाडीचं) किंवा डर्ट बाइकचं एका सिलेंडरचं, १२५ ते ४५० सीसीचं फोर-स्ट्रोक इंजिन घरच्या टेबलावर नीट बांधता येतं, असं मी ठामपणे म्हणतो. दोन-तीन कामं मात्र बाहेर द्यावी लागतात. ती कोणती, हे पुढे येईलच.

आधी आत काय असतं ते बघू. सगळ्यात वर हेड. त्यात व्हॉल्व्ह, ते उघडणारा कॅमशाफ्ट आणि स्पार्क प्लग. त्याखाली सिलेंडर, म्हणजे ज्याला आपण ब्लॉक म्हणतो. त्याच्या आतल्या गोल पोकळीत, म्हणजे बोअरमध्ये, पिस्टन वर-खाली होतो. पिस्टनभोवतीच्या खाचांत रिंगा बसतात. पिस्टनला पिनने जोडलेला कनेक्टिंग रॉड खाली क्रँक फिरवतो. क्रँकच्या एका टोकाला मॅग्नेट, म्हणजे वीज तयार करणारं चुंबकी चाक, दुसऱ्या टोकाच्या बाजूला क्लच. बहुतेक छोट्या इंजिनांत गिअरबॉक्सही याच क्रँककेसमध्ये असतो, आणि एकच ऑइल पिस्टनपासून गिअरपर्यंत सगळीकडे फिरतं. म्हणून गिअरचा एक तुकडा उडाला तरी त्याची कीस क्रँकच्या बेअरिंगपर्यंत पोचते. अशा इंजिनात बिघाड एका कोपऱ्यात राहत नाही.

या सगळ्यावर किती ताण येतो त्याचा हिशेब करून बघा. पिस्टनचा स्ट्रोक, म्हणजे वरून खालपर्यंतचं अंतर, ६० मिलिमीटर आणि इंजिन मिनिटाला ८००० फेऱ्यांवर असेल, तर पिस्टन सरासरी सेकंदाला १६ मीटर वेगाने धावतो आणि सेकंदाला अडीचशेहून जास्त वेळा थांबून दिशा बदलतो. त्याला आणि सिलेंडरला एकमेकांपासून दूर ठेवते ती ऑइलची पातळ फिल्म.

उघडायचं की नाही, हे आधी ठरवा

धुराचा रंग बरंच सांगतो. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, आणि त्यासाठी इंजिन खोलायची गरज नसते. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनातून गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला, तर कूलंट आत शिरतंय असं समजा. निळ्या धुरातही फरक असतो. सुरू करताना किंवा उतारावर थ्रॉटल सोडून पुन्हा दिला की धुराचा एक लोट येत असेल, तर संशय व्हॉल्व्हच्या सीलवर घ्यावा. चढावर जोर लावताना सतत धूर असेल, तर रिंगा आणि बोअर.

कॉम्प्रेशन गेजने दाब मोजताना थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवायचा, नाहीतर हवा आत येतच नाही आणि आकडा खोटा कमी दिसतो. दाब कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चांगला वर गेला तर रिंगांतून गळती होती, कारण ऑइलने ती फट तात्पुरती बुजवली. जिथल्या तिथे राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेडच्या गॅस्केटकडे बघा. एक अडचण मात्र आहे. अनेक इंजिनांच्या कॅमवर डिकॉम्प्रेसर असतो. किक किंवा स्टार्टर हलका जावा म्हणून तो एक व्हॉल्व्ह किंचित उघडा धरतो, त्यामुळे धडधाकट इंजिनाचाही आकडा कमी येतो. कित्येक चांगली इंजिनं निव्वळ या आकड्यामुळे खोलली जातात.

म्हणून माझा भरवसा लीक-डाउन टेस्टवर जास्त. पिस्टन कॉम्प्रेशनच्या शेवटी, अगदी वर आणायचा, क्रँक पक्का धरायचा आणि प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडायची. किती टक्के हवा गळते ते गेज दाखवतो, आणि ती कुठून गळते ते कान सांगतो. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. कार्ब्युरेटरच्या तोंडातून आली तर इनटेक. ऑइल भरायच्या झाकणातून आली तर रिंगा. रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर हेड गॅस्केट. दहा-पंधरा टक्क्यांपर्यंत गळती चालून जाते. तीसच्या पुढे गेली तर इंजिन उघडण्यावाचून इलाज नाही, पण आता निदान काय शोधायचं ते माहीत असतं. हवा सोडताना पिस्टन जरासाही खाली असेल तर क्रँक झटक्याने फिरतो, तेव्हा त्यावर लावलेल्या पान्यापासून बोटं सांभाळा.

खोलताना

गाडीच्या त्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल नसेल तर काम सुरू करू नका. यात मी तडजोड मानत नाही. झीज कुठवर चालेल, कोणता बोल्ट किती आवळायचा, हे आकडे इंजिनागणिक बदलतात आणि ते डोक्यातून काढता येत नाहीत.

इंजिन खोलण्याआधी बाहेरून स्वच्छ धुवा. फिन्सच्या बेचक्यात साचलेला चिखल हेड उचलल्याबरोबर आत पडतो. प्रत्येक टप्प्याचे फोटो काढा. बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात, म्हणून पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून ज्या जागचा बोल्ट त्याच जागी खोचून ठेवायची जुनी पद्धत आजही उत्तम. लांब बोल्ट आखूड भोकात आवळला गेला तर क्रँककेस तडकते.

हेडवर हात घालण्याआधी मॅग्नेट फिरवून त्यावरची ‘टी’ खूण केसवरच्या खुणेसमोर आणा. शेजारी ‘एफ’ अशी खूण असते. ती स्पार्कची, तिच्याशी गल्लत नको. मग क्रँकवरून कॅम फिरवणाऱ्या टायमिंग चेनचा टेन्शनर, म्हणजे तिला ताणून धरणारा भाग, काढा, त्यानंतरच कॅम सोडा. चेन तारेने बांधून ठेवा, म्हणजे ती खाली क्रँककेसमध्ये घरंगळत नाही. हेडचे बोल्ट एकेक पूर्ण सोडू नका. समोरासमोरच्या जोड्या धरून पाव-पाव फेरा ढिले करत जा, नाहीतर हेडला बाक येतो. हेड चिकटून बसलं असेल तर रबरी हातोडीने कडेला हलके ठोके द्या. फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटलं तर ॲल्युमिनियमच्या पृष्ठभागावर ओरखडा उमटतो आणि तिथूनच पुढे गळती सुरू होते.

बोअर आणि पिस्टन

सिलेंडर कुठे झिजतो हे समजलं की मोजायचं कुठे हे आपोआप कळतं. वरच्या टोकाला पिस्टन क्षणभर थांबतो. वेग शून्य झाला की ऑइलची फिल्म टिकत नाही. नेमक्या त्याच वेळी जळत्या वायूचा दाब सगळ्यात जास्त असतो आणि तो रिंगेला मागून भिंतीवर दाबून धरतो. म्हणून सगळ्यात जास्त झीज वरच्या रिंगेच्या थांब्याजवळ असते. तिथे नखाला कड लागली तर बोअर संपला म्हणून समजा. शिवाय रॉड तिरका असताना पिस्टनला एका बाजूला ढकलतो, त्यामुळे पिनच्या काटकोनातल्या दिशेने भिंत जास्त घासते आणि गोल बोअर लंबगोल होतो. म्हणून बोअर वर, मध्ये आणि खाली अशा तीन उंचींवर, दरवेळी दोन दिशांनी मोजायचा. हे मोजमाप बोअर गेजचं. साधा व्हर्निअर इथे चालत नाही, कारण त्याच्या जबड्यांना बोअरच्या मधल्या खोलीवरचा खरा व्यास पकडता येत नाही आणि आपल्याला मिलिमीटरच्या शंभराव्या भागांतला फरक हवा असतो. पिस्टन मायक्रोमीटरने स्कर्टच्या, म्हणजे रिंगांखालच्या घेराच्या, खालच्या भागात, पिनच्या काटकोनात मोजतात. मॅन्युअल नेमकी किती उंची सोडायची ते सांगतं. बोअर वजा पिस्टन, म्हणजे त्यांच्यातली फट. नव्या इंजिनात ती मिलिमीटरच्या काही शतांशांइतकी असते, आणि बऱ्याच छोट्या इंजिनांत ०.१० मिलिमीटरला मर्यादा संपते. माणसाचा केस साधारण ०.०७ मिलिमीटर जाड असतो, त्यावरून चांगलं आणि बाद यांतलं अंतर ताडता येईल.

रिंगेचं मापही असंच. रिंग सुटी घेऊन सिलेंडरमध्ये ठेवा, पिस्टनच्या डोक्याने सरळ खाली ढकला आणि तिच्या दोन टोकांमधली फट फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पात्यांच्या मापाने) बघा. जुना आडाखा असा, की बोअरच्या दर इंचाला चार हजारांश इंच. ७० मिलिमीटरच्या बोअरला ती साधारण ०.२८ मिलिमीटर होते. फट जास्त असेल तर वायू गळतो. फार कमी असेल तर आणखी वाईट, कारण तापल्यावर रिंग लांबते, टोकं एकमेकांना भिडतात आणि बोअर खरवडला जातो. नव्या रिंगांचीही फट मोजा. पाकिटावर माप बरोबर छापलेलं असणं पुरेसं नाही.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे झिजलेल्या, लंबगोल बोअरमध्ये नुसत्या नव्या रिंगा टाकणं. नवी रिंग गोल, भिंत लंबगोल, मग ती सगळीकडे टेकणार कशी? काही दिवस बरं चालतं आणि धूर परत येतो.

पुढची वाट सिलेंडर कोणत्या जातीचा आहे त्यावर ठरते. आत ओतीव लोखंडाचा लायनर, म्हणजे नळी, असेल तर लेथवाल्याकडून बोअर करून घेता येतो आणि ०.२५, ०.५०, ०.७५ किंवा १.०० मिलिमीटर मोठा पिस्टन बसवता येतो. पिस्टन आधी हातात घ्या, मग बोअर त्या पिस्टनच्या मापाने करायला सांगा. उलटा क्रम नको. दुसऱ्या जातीचे सिलेंडर ॲल्युमिनियमचे असून आतून निकासिलसारखा लेप असतो. निकेलमध्ये सिलिकॉन कार्बाइडचे कण बसवलेला हा लेप माले कंपनीने १९६७ मध्ये मूळ रोटरी इंजिनासाठी आणला. तो फार टिकतो, पण इतका पातळ असतो की नेहमीसारखं बोअरिंग केलं तर निघूनच जातो. लेप सोलला असेल तर पुन्हा लेप चढवणं किंवा नवा सिलेंडर, हेच दोन पर्याय.

लोखंडी लायनरचं बोअरिंग झाल्यावर होनिंग करतात. त्याने भिंतीवर तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषा उमटतात. त्यांत ऑइल धरलं जातं आणि सुरुवातीला रिंग बसायला त्या लागतात. होनिंगच्या दगडाची भुकटी त्याच रेषांमध्ये अडकून राहते, आणि रॉकेलने किंवा पेट्रोलने धुतलं तरी ती निघत नाही. ऑइल निघून जातं, भुकटी मागे राहते. तिला काढतं गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि ब्रश. घासा, खळाळून धुवा, पुसा, आणि लगेच ऑइलमध्ये भिजवलेला पांढरा सुती कपडा आतून फिरवा. कपडा करडा निघाला तर पुन्हा धुवा. कपडा पांढराच्या पांढरा येईपर्यंत हे करत राहायचं. अर्ध्या तासाचं हे काम कंटाळून सोडलं, तर सगळं बोअरिंग वाया जातं. धुतलेल्या लोखंडावर बघता बघता गंज धरतो, तेव्हा ऑइल हाताशी ठेवा.

मेलं कशाने?

नवे पार्ट लावण्याआधी जुने पार्ट वाचा. पिस्टनच्या स्कर्टवर एक्झॉस्टच्या बाजूला उभे, जाड ओरखडे असतील तर इंजिन अती तापलं होतं. ऑइल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. ओढा ओलांडताना इनटेकमधून पाणी आत गेलं असेल तर रॉड वाकलेला आहे का तेही तपासा, कारण पाणी दाबलं जात नाही, रॉड मात्र वाकतो. आणि पिस्टनचा स्कर्ट इनटेकच्या बाजूने एकसारखा राखाडी, खरखरीत, जणू पॉलिश पेपरने घासल्यासारखा दिसत असेल, तर ती धूळ.

ऑफ-रोड इंजिनांचा हाच सगळ्यात मोठा शत्रू. वाळूत मुख्यतः क्वार्ट्झ असतो. मोहसच्या कठीणतेच्या पट्टीवर त्याचा क्रमांक ७. ओतीव लोखंड त्यापुढे मऊ पडतं. असे कण ऑइलमध्ये मिसळले की ऑइलचीच ग्राइंडिंग पेस्ट होते. एअर फिल्टरच्या पुढचा, कार्ब्युरेटरकडे जाणारा रबरी बूट काढून आतून बोट फिरवा. बोटाला बारीक रेती लागली तर फिल्टर काम करत नव्हता किंवा त्याला वळसा घालून हवा आत जात होती. फोमचा फिल्टर कोरडा कधीच लावू नये. त्याला फिल्टरचं चिकट ऑइल सगळीकडे सारखं लावायचं, पिळायचं, आणि बसायच्या कडेला ग्रीसची रेघ ओढायची. बूटला चीर असेल तर तो बदला. हे न करता बांधलेलं इंजिन पहिल्या दिवसापासून तेच विष पिऊ लागतं.

हेड आणि व्हॉल्व्ह

व्हॉल्व्ह नीट बसतोय का हे बघायची साधी रीत: हेड उलटं न करता पोर्टमध्ये, म्हणजे व्हॉल्व्हकडे जाणाऱ्या वाटेत, रॉकेल ओता आणि ज्वलनकक्षाच्या बाजूने बघत राहा. पाझरलं तर बैठक खराब. पोलादी व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्टने बैठकीवर घासून घेता येतो. करड्या रंगाची, सगळीकडे सारख्या रुंदीची, अखंड कडी उमटली की थांबायचं. बहुतेक छोट्या इंजिनांत ती एक मिलिमीटरच्या आसपास रुंद असते. टायटेनियमच्या व्हॉल्व्हला मात्र पेस्ट लावू नका. त्याच्यावरचा कठीण थर अतिशय पातळ असतो आणि घासला की व्हॉल्व्ह थोड्याच दिवसांत बैठकीत रुतत जातो.

व्हॉल्व्हची फट, म्हणजे टॅपेट क्लिअरन्स, वेळोवेळी का बघायची हेही समजून घेण्यासारखं आहे. कॅम थेट व्हॉल्व्हवर दाबतो अशा इंजिनात बैठक झिजली की व्हॉल्व्ह वर सरकतो आणि फट वाढायच्या ऐवजी कमी होते, म्हणून खडखड आवाजही येत नाही. फट शून्य झाली की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हला थंड व्हायची मुख्य संधी मिळते ती मिटलेला असताना, बैठकीला टेकून. ती गेली की तो जळतो. गाडी सुरू व्हायला त्रास देऊ लागली तर आधी ही फट तपासा. व्हॉल्व्हच्या दांड्यांचे सील मात्र हेड उघडल्यावर न विचारता नवेच घालावेत.

खालचा भाग

रॉड धरून वर-खाली हलवा. क्रँककडच्या मोठ्या टोकाशी वर-खाली प्ले, म्हणजे ढिलेपणा, अजिबात चालत नाही. आडवा, बाजूचा प्ले असतोच, आणि तो फिलर गेजने मोजून मॅन्युअलशी ताडायचा. प्ले नसेल, बेअरिंगचा आवाज नसेल आणि ऑइलमध्ये धातू नसेल, तर क्रँककेस उघडू नका. चांगलं चाललेलं खालचं काम उगाच खोलण्यात शहाणपण नाही.

उघडावंच लागलं तर मॅग्नेट पुलरनेच, म्हणजे ओढून काढायच्या साधनानेच, काढा. क्लचकडचे काही नट उलट्या आट्यांचे असू शकतात, तेव्हा जोर लावण्याआधी मॅन्युअल बघा. क्रँक मात्र बाहेर द्यावा. या इंजिनांचा क्रँक दोन चकत्या आणि मधली पिन दाबून जोडलेला असतो. रॉड बदलायचा तर हायड्रॉलिक प्रेसवर तो सुटा करून पुन्हा दाबावा लागतो आणि मग दोन्ही टोकं एका रेषेत आणावी लागतात. डायल गेजवर शतांशांत बघत करायचं हे काम आहे. बोअरिंग आणि क्रँक ही दोन कामं, आणि गरज पडली तर व्हॉल्व्हच्या बैठका कापणं, एवढं अनुभवी मशीन शॉपला द्या. केसमधली बेअरिंग्ज मात्र घरी बदलता येतात. केस साधारण शंभर अंशांपर्यंत सगळीकडून सारखी तापवा, नवं बेअरिंग फ्रीजरमध्ये ठेवलेलं असू द्या. ॲल्युमिनियम पसरतं, पोलाद आकसतं आणि बेअरिंग ठोकाठोक न करता जागी बसतं. तापवताना आसपास पेट्रोल नको.

पुन्हा बांधताना

पिस्टनवरची खूण कोणत्या दिशेला हवी ते मॅन्युअलमध्ये असतं. रिंगेवर अक्षर कोरलेलं असेल तर ती बाजू वर. वरच्या दोन रिंगांच्या आणि ऑइल रिंगेच्या फटी एका रेषेत येऊ देऊ नका, आणि ऑइल रिंगेच्या मधल्या स्प्रिंगची टोकं एकमेकांवर चढलेली नाहीत हे नीट बघा. पिन जागी धरणारे सर्क्लिप कायम नवे वापरा. ते बसवताना क्रँककेसचं तोंड फडक्याने बंद करा, कारण उडालेला सर्क्लिप हमखास तिथेच जातो. डोळ्यांवर चष्मा असू द्या.

टायमिंग जुळवताना घाई नको. कॅमचा गिअर क्रँकच्या गिअरच्या दुप्पट दातांचा असतो, कारण क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅम एकदा फिरतो. क्रँकला १७ दात असतील तर कॅमला ३४. चेन एक दात चुकली की क्रँकच्या हिशेबात २१ अंशांचा फरक पडतो. मग ताकद तरी जाते, नाहीतर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतो. ‘टी’ खूण जुळवा, टेन्शनरच्या समोरच्या बाजूची चेन ताणून ठेवा, कॅमच्या गिअरवरच्या रेषा हेडच्या कडेशी समांतर आणा. टेन्शनर पूर्ण आत घेऊन बसवा, मग सोडा. आता क्रँक पान्याने, हाताने, दोन पूर्ण फेरे सावकाश फिरवा आणि खुणा पुन्हा बघा. फिरवताना कुठे घट्ट अडलं तर जोर लावू नका, काहीतरी भिडतंय.

बोल्ट टॉर्क रेंचने (ठरवलेल्या जोराने आवळायच्या पान्याने), दोन-तीन टप्प्यांत, समोरासमोर आवळा. मॅन्युअलने आट्यांना ऑइल लावायला सांगितलं नसेल तर लावू नका, कारण तेलकट आट्यांवर त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो. ॲल्युमिनियममधल्या ६ मिलिमीटरच्या बोल्टांना साधारण १० न्यूटन-मीटर पुरतं. हाताच्या अंदाजाने ते हमखास जास्त आवळले जातात आणि आटे जातात.

क्लच ऑइलमध्येच बुडालेला असल्याने ऑइल अशा क्लचसाठीच्या ‘जासो एमए’ या जपानी दर्जाचं घ्या. कारच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी रसायनं असतात, त्यांनी क्लच घसरतो.

पहिल्यांदा सुरू करण्याआधी प्लग काढून, स्पार्क बंद ठेवून इंजिन फिरवा आणि ऑइल वर हेडपर्यंत पोचतंय याची खात्री करा. सुरू झाल्यावर तासन् तास मंद चालवत ठेवणं मला चुकीचं वाटतं. रिंगेला भिंतीवर दाबतो तो ज्वलनाचा दाब, आणि मंद चालीत तो पुरेसा नसतो. होनिंगच्या रेषा ताज्या असतानाच रिंगा बसल्या तर बसतात, नाहीतर भिंत गुळगुळीत होऊन ऑइल कायमचं जळत राहतं. एकदा गरम करा, बंद करून पूर्ण थंड होऊ द्या, असं दोन-तीनदा करा. मग मध्यम जोर लावत आणि सोडत, वेग बदलत चालवा. पूर्ण थ्रॉटल आणि एकाच वेगाची लांब धाव टाळा.

पहिलं ऑइल लवकर, पहिल्या एक-दोन चालवण्यांनंतरच काढा आणि गाळून बघा. ड्रेन बोल्टच्या लोहचुंबकावर करड्या रंगाचा मऊ लेप असणं साहजिक आहे, नवे पार्ट एकमेकांशी जुळताना तेवढं निघतंच. चमकणारे कपचे दिसले तर गाडी तिथेच थांबवा. त्याच वेळी, इंजिन थंड असताना, व्हॉल्व्हची फट पुन्हा मोजा आणि आकडा तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या मोजणीला तो आकडा समोर असला की फट कुठल्या दिशेने सरकतेय ते लगेच दिसतं.